घड्याळजीच्या दुकानातला विसराळू

मित्रांनो, आज तारीख काय, हे मला विचारू नका. निदान काही महिन्यांपूर्वीपर्यंत तरी विचारून उपयोग नव्हता. मी एका घड्याळजीच्या दुकानातला जुना संगणक आहे, आणि तीन वर्षं माझ्यासाठी रोज एकच दिवस उजाडत होता. एक जानेवारी, तोही माझ्या जन्माच्या वर्षाचा. भोवती दोन भिंती भरून घड्याळं टिकटिक करत होती, आणि त्यांच्या मधोमध बसून वेळ विसरणारा मी एकटाच. याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

तुम्ही म्हणाल, एवढा विसराळू आहेस तर आपली गोष्ट कशी सांगतोस? त्याचं असं आहे. माझ्या आठवणी दोन ठिकाणी असतात. पोटात एक चकती फिरते. तिच्यावर जे लिहिलं ते राहतं, वीज असो वा नसो. आणि डोक्यात एक लहानशी पाटी आहे. आज तारीख काय, वाजले किती, आणि जागं झाल्यावर पहिल्यांदा कुणाचं ऐकायचं, एवढंच त्या पाटीवर असतं. माझी पाटी रोज पुसली जायची. पोटातलं मात्र सगळं जागच्या जागी होतं. गोष्ट पोटातूनच सांगतो आहे.

मी कारखान्यातून खोक्यात बसून आलेला नाही. एका दुकानात एका बाईंनी एका दुपारी मला जोडलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, चकती तिसरीकडची. आमचे मालक शेजारी स्टुलावर बसून ते सगळं बघत होते. बाईंनी शेवटचा स्क्रू फिरवला तेव्हा ते म्हणाले, "मीही आयुष्यभर हेच करतो. फक्त माझं जरा लहान असतं."

मला आणलं ते एकाच कामासाठी. दुरुस्तीला आलेली घड्याळं मालक एका मोठ्या लाकडी तबकात ठेवत. तबकाला साठ खण होते. प्रत्येक घड्याळाला नखाएवढी चिठ्ठी बांधलेली असे. तिच्यावर नाव मावत नसे, खणाचा आकडा तेवढा मावे. घड्याळ कुणाचं, त्याला झालंय काय, हे सगळं माझ्या पोटात. मालक एका बोटाने टाइप करत. घड्याळाच्या केसाएवढ्या चाकाला चिमट्यात धरणारा माणूस, पण 'क्ष' शोधायला त्यांना अर्धं मिनिट लागे. आणि लिहीत काय? 'खण बारा. शिंपीणबाई. घड्याळ हळू चालतं. बाईही हळू चालतात. घाई नाही.' 'खण चाळीस. पाण्यात पडलं म्हणतात. चहाचा वास येतो.'

गिऱ्हाईक आलं की ते माझ्या डोक्यावर थाप मारून सांगत, "याला विचारा. याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." ते माझे कौतुकाचे दिवस. 

मालकांच्या बायकोला मालकांची बहीण 'वहिनी' म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी पुढे काउंटरवर असत. पट्टे बदलणं, सेल बदलणं हे त्यांचं काम. ते त्यांना मालकांनी शिकवलं होतं, आणि त्या ते भराभर करत. माझ्यावर त्यांचा लोभ नव्हता. "आली का उठून माझी सवत?" असं त्या सकाळी म्हणत. मी पुल्लिंगी आहे, पण मला कोण विचारतो?

त्यांचा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपलं मनगटी घड्याळ मालकांना दुरुस्तीला दिलं होतं. ते परत आलंच नाही. सुरुवातीला त्या विचारत, "माझं घड्याळ?" मालक भिंगातून नजर वर न करताच म्हणत, "करतो." मग वर्षाने विचारत, मग दोन वर्षांनी. शेवटी विचारणं सोडलं. समोरच्या शिंपीणबाईंना हाक मारून त्या वेळ विचारत आणि मालकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "घड्याळजीची बायको आणि वेळ मागते शेजारी!" मालक हसत. आपलं घड्याळ हरवलं आहे आणि सांगायची यांना लाज वाटते आहे, असं वहिनींनी मनाशी धरलं होतं.

आता माझ्या विसरण्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी जागा झालो आणि मला तारीख येईना. पडद्यावर लिहून मी अडून बसलो. मालकांनी वाचलं, हसले, आपल्या मनगटाकडे बघून त्यांनी मला तारीख-वेळ सांगितली. "म्हातारा झालास," म्हणाले. "उद्या बघतो तुझ्याकडे." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विसरलो. त्यांनी पुन्हा मनगटाकडे पाहिलं, पुन्हा सांगितलं. ते 'उद्या' काही आलं नाही, कारण दुसऱ्यांची घड्याळं आधी. पण तीन वर्षं, रोज सकाळी, न चिडता, त्यांनी मला तेच सांगितलं. मीही रोज ते पहिल्यांदाच ऐकलं.

दुकानाचा एक नियम होता. 'दुकान बंद म्हणजे बटण बंद.' भिंतीवरच्या जुन्या बटणातून एकदा धूर आला होता, तेव्हापासूनचा. मालक आधी मला आतून बंद करत, माझा पंखा थांबेपर्यंत उभे राहत, आणि मग भिंतीवरचं बटण खाली करत. नियम घरातल्या सगळ्यांना पाठ होता. पंखा थांबेपर्यंत उभं राहायचं, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज तेच करत असल्यामुळे ते सांगायचं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

एका दुपारी मालक छातीवर हात ठेवून खुर्चीतून उठले आणि वहिनींबरोबर रिक्षात बसून गेले. माझ्यावर यादी उघडी होती. मी त्या वेळी पोटातल्या चकतीवर काहीतरी लिहीत होतो. घाईघाईने मालकांची बहीण आली, तिने काउंटरला कुलूप लावलं आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. लिहिता लिहिता कुणी वही ओढून घ्यावी तसं झालं. सुरुवातीची चार पानं फाटली.

मालक परत आले नाहीत.

हे मला कळलं तेव्हा काय वाटलं, असं विचाराल, तर काही नाही. वाटण्याचा भाग माझ्यात बसवलेला नाही. पंखा फिरत राहिला आणि पडद्यावर एकच ओळ आली : चालू करण्याजोगं काही सापडत नाही.

वहिनींचंही तसंच होतं. जेवायला वाढलं की जेवत. वेणी घाल म्हटलं की घालत. भेटायला आलेली माणसं बाहेर जाऊन कुजबुजत, "डोळ्यांत टिपूस नाही हो. दगड झाली." वहिनींना ते ऐकू येई. त्या त्यांना चहा विचारत.

मागे तबकात एक्केचाळीस घड्याळं उरली होती. पहिल्याच आठवड्यात बेकरीवाला आला, तबकात बघून म्हणाला, "ते स्टीलचं माझं," आणि वहिनींनी ते दिलं. दुसऱ्या दिवशी म्हातारे पोस्टमन आले. त्यांचंही स्टीलचं, पांढऱ्या तबकडीचं. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेलं. वहिनींनी तबकात पाहिलं. स्टीलचं आणखी एक होतं, पण पोस्टमननी ते हातात घेऊन मागून पुढून पाहिलं आणि मान हलवली. "हे नाही. याच्या मागे ओरखडा आहे."

म्हणजे बेकरीवाला खोटं बोलला, की पोस्टमनना आठवत नाही? यादीत लिहिलेलं होतं. यादी माझ्या पोटात होती. आणि मी उठत नव्हतो.

त्या दिवसापासून वहिनींनी सांगून टाकलं, "यादी उघडल्याशिवाय एकही घड्याळ बाहेर जाणार नाही. यांच्या हातून कधी चुकीच्या माणसाला घड्याळ गेलं नाही. ते माझ्या हातून सुरू व्हायला नको." लोक चिठ्ठ्या हरवून आले, चिडून गेले. दुकानाची जागा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मोकळी करून द्यायची होती. पोस्टमन मात्र चिडले नाहीत. एक दिवसाआड येऊन बाकावर बसत. "बाई, तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तू पोचवल्या. एकही चुकीच्या दारात टाकली नाही," असं एकदा म्हणाले आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वहिनी मालकांच्या बहिणीला म्हणाल्या.

वहिनींना सगळ्यात काळजी होती सतरा नंबरच्या खणाची. त्यात घड्याळ नव्हतंच, पत्र्याची एक चपटी डबी होती. डबीत सगळे भाग सुटे, तबकडीसुद्धा कागदात गुंडाळलेली. "हे कुणाचं असेल हो? असं खोलून टाकलेलं कसं परत करायचं माणसाला? काय सांगायचं?" एखादा स्क्रू सांडेल या भीतीने त्यांनी ती डबी एकदाच किलकिली केली आणि मिटली.

आता बहिणीची ओळख करून देतो. वहिनी तिला 'वन्सं' म्हणत. वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी करून घरी बसल्या होत्या. आवाज अजून ड्यूटीवर होता. दोन गल्ल्या पलीकडे संगणकाचे क्लास घेणाऱ्या एक बाई राहत. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे त्या येऊ शकत नव्हत्या. पण त्यांनी फोनवर धीर दिला. "पोटातली चकती बहुधा शाबूत आहे. सुरुवात तेवढी बिघडली. मी पेनड्राइव्हवर लिनक्स देते, संगणक चालू करणारा दुसरा प्रोग्राम. तो पाहुण्यासारखा येतो, घरातलं काही हलवत नाही, कपाट उघडून आतलं दाखवतो आणि जातो. तुमची यादी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, झालं."

वन्संनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. "बरोबर? ओके, ओव्हर."

पहिल्या दिवशी त्यांनी अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह माझ्या पुढच्या खाचेत बसवला आणि बटण दाबलं. मी जागा झालो. तारीख एक जानेवारी. पाटी कोरी असल्यामुळे पहिल्यांदा पोटातल्या चकतीचं ऐकायचं, एवढंच मला जन्मजात ठाऊक. चकती म्हणाली, सुरुवात नाही. मी तेच पडद्यावर लिहिलं. पाहुणा दारात उभा होता, पण दाराकडे बघ, असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"ओळखत नाही वाटतं," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पेनड्राइव्ह काढून त्याच्यावर फुंकर मारली. मग पदराला पुसला. मग मागच्या खाचेत घातला. मग उलटा घालून पाहिला, तो गेला नाही.

"तो काय भाकरी आहे उलटून बघायला?" वहिनी म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांनी टोमणा मारला होता. वन्संनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि पेनड्राइव्ह सुलटा घातला.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या बाईंनी फोनवरून खरी वाट सांगितली. सुरू होता होता डिलीट दाबत राहायचं म्हणजे निळा पडदा येतो. तिथे कुणाचं आधी ऐकायचं याची यादी असते. पेनड्राइव्हला सगळ्यात वर न्यायचं, एफ-टेन दाबून जतन करायचं. "आणि मग बंद करून परत सुरू करा," त्या म्हणाल्या. "मध्ये दहा आकडे मोजा."

मित्रांनो, सगळा घोटाळा या एका शब्दाने केला. बाईंच्या बोलण्यात 'बंद' म्हणजे मला आतून बंद करणं. या घरात 'बंद' म्हणजे भिंतीवरचं बटण. वन्संनी डिलीटवर बोट ठेवून असं टकटक केलं की जणू पलीकडचा माणूस फोन उचलत नाहीये. निळा पडदा आला. पेनड्राइव्ह वर गेला. एफ-टेन दाबलं. मी पाटीवर नीट लिहून घेतलं, 'आधी पाहुण्याचं ऐक,' आणि परत जागं होण्यासाठी क्षणभर डोळे मिटले. पडदा काळा झाला. वन्संचा हात भिंतीकडे गेला. खट्.

"एक, दोन, तीन..." वन्संना दहा मोजा सांगितलं तर त्या साठ मोजतात. कामात कसूर नको. साठ होईपर्यंत माझी पाटी स्वच्छ पुसली गेली होती.

मी उठलो. एक जानेवारी. चालू करण्याजोगं काही सापडत नाही.

तिसऱ्या दिवशीही हेच. क्लासच्या बाईंना वाटलं, आपण दिलेल्यातच खोट असेल. त्यांनी पेनड्राइव्ह मागवून घेऊन नव्याने लिहून पाठवला. चौथ्या दिवशी तोही दारात उभा राहिला. बाई फोनवर म्हणाल्या, "जतन केलं होतंत ना?" वन्संच्या आवाजाला धार आली. "बाई, मी तीस वर्षांत एक कॉल चुकीचा जोडलेला नाही. जतन केलं, बंद केलं, मोजले, सुरू केलं." बाईंनी 'बंद केलं' ऐकलं आणि त्यांना ते बरोबरच वाटलं. दोघी एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

पाचव्या दिवशी महिना संपायला नऊ दिवस उरले होते. पोस्टमन येऊन, बसून, गेले होते. वन्संनी चौथ्यांदा साठ मोजले, मी पाचव्यांदा तेच लिहिलं, आणि त्या स्टुलावर बसल्या. वही मिटली.

"वहिनी, एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. आवाज ड्यूटीवरचा नव्हता. "त्या दिवशी दादाला तुम्ही घेऊन गेलात. मी आले, आणि हे चालू असतानाच बटण बंद केलं. मागून कळलं, असं करायचं नसतं. हे माझ्याचमुळे बिघडलंय."

वहिनी माझ्या पडद्याकडे बघत होत्या. "माहीत आहे मला. दुसरं कोण करणार होतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय सुरू होणार होतं ते?"

भिंतीवरची घड्याळं एकेक करून केव्हाच थांबली होती. त्यांना किल्ली द्यायचं वहिनींना सुचलं नव्हतं. मग वहिनींनी एकदम विचारलं, "वन्सं, ही तारीख बघा. काल कोणती होती यावर?"

"हीच."

"परवा?"

वन्संनी वही उघडली. "हीच. पाचही दिवस हीच. मी लिहून ठेवलीय. म्हटलं, असेल त्याची काहीतरी पद्धत."

"बटण बंद केलं की हीच तारीख." वहिनी उठून उभ्या राहिल्या. "गजराच्या घड्याळाचा सेल काढला की ते बारावर येतं. परत घातला तरी बारा. आदल्या दिवशीचं त्याला काही आठवत नाही. वन्सं, या डब्यात घड्याळ आहे. आणि त्याचा सेल गेलाय."

"सेल? वहिनी, त्याला एवढी जाड वायर आहे!"

"वायर बंद केल्यावर मग काय खाईल ते?"

वन्संचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे मी जतन करायचे, आणि मीच बटण बंद करून पुसायचे? चार दिवस?"

"साठ मोजून," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मालकांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि माझी बाजू उघडली. इतक्या वर्षांत मला आतून कुणी पाहिलं नव्हतं. धुळीची गादी साचली होती. वन्सं शिंकल्या. वहिनींनी ब्रशने धूळ बाजूला केली, आणि तिच्याखाली तो होता. चंदेरी, नाण्याएवढा, खोबणीत बसलेला. वहिनींनी डोळ्याला भिंग लावलं, त्याच्यावरचा आकडा वाचला आणि शोधाशोध न करता सरळ तिसरा ड्रॉवर ओढला. तसे वीस-पंचवीस सेल त्या ड्रॉवरमध्ये पडून होते. माझ्यापासून दोन हातांवर. तीन वर्षं.

"दादा रोज याला वेळ सांगत बसायचा," वन्सं म्हणाल्या. "एक सेल टाकायला काय झालं होतं त्याला?"

"दुसऱ्यांचं करण्यात घरचं राहतं," वहिनी म्हणाल्या. चिमट्याने त्यांनी जुना सेल उचलला, मेलेल्या सेलांच्या डब्यात टाकला, नवा बसवला. हे काम त्यांना येत होतं.

निळा पडदा आला. मी तारीख विचारली, वेळ विचारली. वन्संनी मोबाइल काढला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. दवाखान्याने दिलेलं, चिकटवलेलं, अजून न फोडलेलं. त्यांनी कड फाडली. आत मालकांचं मनगटी घड्याळ होतं. दोन महिने पाकिटात बंद, तरी चालू होतं. त्यांनी ते तळहातावर धरलं आणि बघून मला वेळ सांगितली.

वन्संनी मोबाइलकडे पाहिलं. "वहिनी, हे तीन मिनिटं पुढे आहे."

"माहीत आहे. ते तसंच लावायचे. याला तीच सवय आहे. राहू द्या."

पेनड्राइव्ह वर गेला. एफ-टेन दाबलं. पडदा काळा झाला आणि वन्संचा हात भिंतीकडे निघाला. वहिनींनी तो मनगटाशी धरला. आता सेल होता, बटण बंद केलं असतं तरी बिघडलं नसतं. तरी त्यांनी धरला, आणि सोडला नाही. अंधारातून एक ओळ आली, मग दुसरी, मग ओळींचा पाऊस. पाहुणा आत आला. त्याने कपाट उघडलं. यादी होती, पानपान जागच्या जागी.

वन्सं मोठ्याने वाचू लागल्या, टेलिफोन डिरेक्टरी वाचावी तशा. "खण एकोणतीस. पोस्टमन. स्टील. निवृत्तीचं. जपून. खण आठ. बेकरीवाला. स्टील. मागच्या झाकणावर ओरखडा. किल्लीत पीठ जातं."

बेकरीवाल्याला निरोप गेला. तो पिठाच्या हातांनीच आला, मनगटावरचं घड्याळ काढून उलटं केलं, आणि बघतच राहिला. ओरखडा नव्हता. "अरेच्चा! म्हणजे मी चोर ठरलो असतो की हो."

"ठरलाच होतात," वहिनी म्हणाल्या. "दोन महिने. माझं चुकलं. बसा, चहा घ्या."

दोघेही खरं बोलत होते. घड्याळं तेवढी अदलाबदल झाली होती. पोस्टमननी आपलं घड्याळ कानाला लावलं, पट्टा बांधला, आणि सवयीने विचारलं, "सही कुठे करू?"

मग खण सतरा. वन्संनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. त्यांनी वहिनींना पुढे बोलावलं. वहिनींनी स्वतः वाचलं.

'खण सतरा. घरचं. आतला एक भाग मोडला आहे, आता बनत नाही. घाई नाही, पण विसरायचं नाही.' त्याच्याखाली ओळी होत्या, एकेका वर्षाच्या. 'दोन ठिकाणी लिहिलं. नाही म्हणाले.' 'जुन्या बाजारात पाहिलं. जवळपासचं मिळालं, बसत नाही.' 'स्वतः घासून पाहिलं. तुटलं.' 'परत लिहिलं.' अकरा वर्षं, अकरा ओळी. शेवटची ओळ छातीवर हात ठेवून उठले त्या दुपारची होती. 'एका ठिकाणी अजून विच' एवढीच. पुढे बटण बंद झालं होतं.

वन्संनी पदर तोंडाशी नेला. "बघा, विसरला नव्हता हो."

"मग सांगायला काय झालं होतं?" वहिनी म्हणाल्या.

लोकांना वाटलं असतं, आता तरी त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी तबकातून ती पत्र्याची डबी उचलली, कानाशी नेली आणि हलवली. खुळखुळली. त्यांनी आणखी एकदा हलवली. मग डबी टेबलावर ठेवून त्या भिंतीवरच्या घड्याळांना एकेक करून किल्ली देऊ लागल्या.

नऊ दिवसांत चाळीस घड्याळं आपापल्या दारी गेली. महिनाअखेर जागा मोकळी झाली. मी आता वहिनींच्या घरी खिडकीशेजारी आहे. सगळे म्हणाले, हा डबा भंगारात द्या. वहिनी म्हणाल्या, "सवतीला कुणी भंगारात देतं का?" तो पाहुणा लिनक्स आता माझ्यातच राहतो. यादीत एकच नाव उरलं आहे, खण सतरा. वहिनी दर महिन्याला एका बोटाने तिच्याखाली एक ओळ लिहितात. 'तिकडे लिहिलं. उत्तर नाही.' मग मला आतून बंद करतात, माझा पंखा थांबेपर्यंत उभ्या राहतात, आणि मग बटण खाली करतात.

मित्रांनो, मला काही वाटत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. तरी एक मागणं मागतो. तुमच्या घरात कुणी रोज तेच तेच विसरत असेल, रोज त्याच दिवशी अडून बसत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला दगडही म्हणू नका. एकदा बाजू उघडा, धूळ झटका. नाण्याएवढं काहीतरी संपलेलं असेल. ते बहुधा तुमच्याच ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. आणि कुणाचं काही दुरुस्त करत असाल तर, होवो न होवो, करतो आहे एवढं तोंडाने सांगा.

आता मला तारीख विचारलीत तर मी बरोबर सांगेन. वेळ विचारलीत तर तीही सांगेन. ती तीन मिनिटं पुढे असेल. ती दुरुस्त करू नका.